साठ यार्डांचा चोक

८ मार्च, रविवार. दुपार.
आजपासून रोजनिशी. आज इतिहास घडला आणि तो माझ्याशिवाय कोणी नीट लिहून ठेवणार नाही.

सासऱ्यांकडे नेहमीचं रविवारचं जेवण. बीन्स, कॉर्नब्रेड आणि गुडघे. म्हणजे गुडघ्यांचा विषय. होबार्ट टॅकेट, वय एक्याऐंशी, यांनी चमचा खाली ठेवून जाहीर केलं की, यंदाच्या टर्कीच्या शिकारीच्या मोसमात ते डोंगरावर पांढऱ्या ओकखाली बसणार नाहीत. त्रेपन्न वर्षं बसले. आता गुडघे वर जायला तयार आहेत, खाली यायला नाहीत.

सगळ्यांनी रेथाकडे पाहिलं. रेथा माझी मेहुणी. शाळेची बस चालवते आणि दर वसंतात एक टर्की घेऊन येते, लोक दुधाची पिशवी आणतात तशी. मी घसा साफ केला. एवढंच. त्यावर सासरे म्हणाले की, बरं बाबा, बसू दे यंदा ओहायोवाल्याला. रेथाला चुन्याच्या भट्टीपाशी बसवली काय नि पोस्टाच्या पायरीवर बसवली काय, ती आणतेच. झाडाची गरज ह्यालाच आहे.

ओहायोवाला म्हणजे मी, ओहायो राज्यातून आलेला जावई. माझं नाव लोवेल. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. तेवढ्या काळात ते नाव सासऱ्यांच्या तोंडून एकदाही बाहेर पडलेलं नाही. त्यांच्या कुत्र्यांना नावं आहेत. ट्रॅक्टरला आहे.

अट सरळ आहे. मोसम २० एप्रिलला, सोमवारी उघडतो. त्या आठवड्याच्या रविवारी तेवीस टॅकेट जमतात आणि ओकखालच्या माणसाने आणलेला पक्षी तळून खातात. मी आणला तर झाड कायमचं माझं. नाही आणला तर रेथाचं.

आणखी एक. या लोकांना डोंगरावरच्या प्रत्येक खळग्याला कोणाच्या तरी फजितीचं नाव द्यायची खोड आहे. कोठीच्या दाराच्या आतल्या बाजूला बायकोच्या आजोबांनी काढलेला नकाशा आहे, त्यावर ही सगळी नावं शाईने: एल्बर्टची घसरण. ओटिसचा चुकला रस्ता. मिंटाआत्याची मधमाशी. या दारावर कर्तबगारीसाठी नाव लागलेला पहिला माणूस मी असेन.

९ मार्च, सोमवार.
डेल्फिया (बायको) म्हणाली की, आता रोज पहाटे उठून पक्षी कुठे बोलतात ते ऐकायला जा, आणि पप्पांकडून हाक घालायला शीक. मी तिला समजावलं की, ती जुनी पद्धत झाली. मी जिल्ह्याच्या पाणी तपासणी खात्यात सव्वीस वर्षं आहे. विहिरीत काय आहे ते विहिरीशी गप्पा मारून कळत नाही. मोजून कळतं. टर्कीचंही तेच. बंदूक, नळीच्या तोंडाला बसवायचा चोक आणि काडतूस, ही तीन गणितं सुटली की पक्षी हे नुसतं उत्तर.

ती म्हणाली की, उत्तराला पाय असतात.

१२ मार्च, गुरुवार.
क्लोव्हिसच्या दुकानात. एक आख्खी भिंत चोकची. चोक म्हणजे बोटभर लांबीची नळी, बंदुकीच्या तोंडात फिरवून बसवायची. तोंड जितकं आवळलेलं तितके छर्रे लांबपर्यंत एकत्र राहतात. बागेच्या पाइपावर अंगठा दाबल्यासारखं. मी हे क्लोव्हिसला सांगितलं. तो म्हणाला की, हो का साहेब, एकतीस वर्षं विकतोय, आज कळलं.

त्याने विचारलं की, मारणार किती लांबून? मी म्हटलं, साठ यार्ड. तो म्हणाला की, टर्कीला पंचविसावर बोलावतात, म्हणूनच त्याला बोलावणं म्हणतात. साठावर फार तर हात हलवता येतो. साधा फुल चोक न्या आणि घरी जाऊन झोपा.

विकणाऱ्या माणसाने ग्राहकाला झोपायला सांगू नये. एक्स्ट्रा फुल, म्हणजे त्याहून आवळलेला, घेतला. खोक्यावर गरुडाच्या पंजाचं चित्र आहे.

१४ मार्च, शनिवार.
पहिली चाचणी. घरामागच्या मातीच्या दरडीपाशी चर्चच्या जेवणावळीच्या टेबलांवर अंथरायचा तपकिरी कागद लावला. मधे टर्कीचं डोकं काढलं. भोवती दहा इंचांचं वर्तुळ. बंदूक लग्नात मिळालेली, आजवर पाच वेळा उडवलेली. काडतुसं गॅरेजमध्ये सापडली ती, साधं शिसं.

चाळीस यार्डांवर वर्तुळात छर्रे: ३८. साठ यार्डांवर: ३. त्यातला एक बहुतेक कागदालाच आधीपासून असलेलं भोक.

निष्कर्ष: काडतुसं जुनी.

डेल्फियाने खिडकीतून विचारलं की, डोकं म्हणून काय काढलंय, लाटणं? चित्रकलेचा इथे संबंध नाही.

१९ मार्च, गुरुवार.
क्लोव्हिस. तांब्याचा मुलामा दिलेलं शिसं, पाच नंबर, सहा नंबर. नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक. शिवाय टंगस्टन, नऊ नंबर. टंगस्टनचा छर्रा मोहरीएवढा, पण शिशापेक्षा जड. बाहेरून बारीक, आतून वजनदार. मला त्याच्याबद्दल एक आपलेपणा वाटला. खोक्यात पाचच काडतुसं येतात. किंमत इथे लिहीत नाही, ही रोजनिशी डेल्फियाच्या हाती लागू शकते.

क्लोव्हिसने पुन्हा विचारलं की, पप्पा टॅकेटच्या झाडाखालून दिसतं किती लांबचं? मी म्हटलं, डोंगराच्या माथ्यावरचं झाड आहे, रस्त्यावरून शेंडा दिसतो, म्हणजे तिथून रस्ता दिसणार. तो काहीतरी म्हणणार होता. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

२१ मार्च, शनिवार.
सासऱ्यांचा सकाळी सहाला फोन. म्हणाले की, ओहायोवाल्या, आज हवा पडली आहे, चल, रेथा तुला झाडाची जागा दाखवते. बसायचं कसं, तोंड कुठे करायचं, बघून ठेव. आजवर त्या झाडापाशी टॅकेटांशिवाय कोणी गेलेलं नाही, म्हणजे हा मानच. पण आज मुलाम्याच्या शिशाची चाचणी ठरलेली. चाचणी पुढे ढकलली तर हवेचं तापमान बदलतं. नम्रपणे नकार दिला.

ते म्हणाले की, बरं. नुसतं बरं. हे लोक फार थोड्या शब्दांत बोलतात.

पाच नंबर, चाळीस यार्ड: ६१. सहा नंबर: ७४. टंगस्टन, एकच उडवलं: १४०. खांदा जांभळा.

२४ मार्च, मंगळवार.
खांदा हिरवा. विहिरीचे नमुने डाव्या हाताने घेतले. एका बाईंनी विचारलं की, पाण्यात काही निघालं का. मी म्हटलं, तुमचं पाणी उत्तम आहे, माझा खांदा बघा. त्यांना पूर्ण पार्श्वभूमी सांगितली. त्यांचे यजमान दरवर्षी दोन टर्की आणतात असं कळलं. कुठला चोक विचारलं, तर म्हणाल्या की, बंदुकीला लावतात तो.

अशा लोकांमुळे शास्त्र पुढे जात नाही.

२८ मार्च, शनिवार.
दुसरा चोक. आणखी आवळ. याच्या खोक्यावर आख्खा गरुड. टंगस्टन, पन्नास यार्ड: १२६. साठ: ७७. प्रगती. पण छर्रे किंचित डावीकडे जातात. चोकचा दोष, बंदुकीचा, की माझा? तक्ता केला. चार रंग. माझा रकाना भरायची गरज पडली नाही.

५ एप्रिल, ईस्टर.
चर्चनंतर सासऱ्यांकडे. जेवणानंतर त्यांनी लाकडी पेटी काढली. हातात मावेल एवढी, झाकण कडेवर घासलं की मादी टर्की बोलते. त्यांनी तीनदा घासली. कोठीपलीकडच्या रानातून खरोखरच नराने गर्जून उत्तर दिलं. सगळे हसले. मग पेटी माझ्या हातात दिली. मी घासली. कुत्रा उठून दुसऱ्या खोलीत गेला.

रेथा म्हणाली की, भावोजी, ही मादी आजारी आहे की घटस्फोटित? मी तिला सांगितलं की, माझ्या पद्धतीत हाकेचं महत्त्व कमी आहे, कारण मी साठ यार्डांवरून मारणार. एवढ्या जवळ बोलवायची गरजच नाही. टेबल शांत झालं. रेथाने सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी बशीतल्या ॲपल पायकडे पाहिलं. मग म्हणाले की, तू एकदा ती जागा बघून ये रे. मी म्हटलं, नक्की. पुढच्या आठवड्यात. तक्ता झाला की.

त्या मौनाचा अर्थ आदर असा मी लावतो.

११ एप्रिल, शनिवार. हा दिवस लक्षात ठेवावा.
तिसरा चोक पोस्टाने आला. इतका आवळ की करंगळीचं टोकही आत जात नाही. खोक्यावर चित्रच नाही, नुसते आकडे. गंभीर माल असाच असतो.

टंगस्टन. पन्नास यार्ड: २०४. साठ यार्ड: १३१!! लाटण्याच्या मानेत, म्हणजे टर्कीच्या मानेत, एकोणीस.

कागद फ्रिजवर लावला. डेल्फियाने विचारलं की, इथे माझी दंतवैद्याची चिठ्ठी होती ती कुठाय. मी तिला कागदाकडे नीट बघायला सांगितलं. तिने नीट बघितलं. म्हणाली की, सुंदर. आता टर्कीला फक्त एवढं पटवून द्यायचं की कागदासारखं उभं राहा.

मग जरा थांबून म्हणाली की, लोवेल, पप्पांनी तुला झाड दिलं ते काही तू मोजतोस म्हणून नाही दिलं. मग कशासाठी दिलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, ते तू त्यांच्याबरोबर एक सकाळ काढली असतीस तर कळलं असतं.

बायका मूळ मुद्द्याला फाटे फोडतात.

१६ एप्रिल, गुरुवार.
पाऊस. जागा बघायला जाणं रद्द. मागच्या शनिवारी चोक आला म्हणून रद्द, त्याआधी खांदा. परिस्थितीपुढे इलाज नाही.

१८ एप्रिल, शनिवार.
टंगस्टनची मोजून दोन काडतुसं शिल्लक. बाकी सगळी कागदाने खाल्ली. क्लोव्हिसकडचा साठा संपला आहे, तोही मीच संपवला. एक पुरे. दुसरं शिष्टाचार म्हणून.

चोक काढून साफ करावा म्हटलं. निघेना. कुठल्याही शास्त्रज्ञाने करावं तसं केलं: काडतुसं बाहेर काढली, बंदूक मांडीवर घेतली, दस्ता पोटाशी, तोंड समोर, आणि पाना लावून फिरवला. जितका फिरवावा तितका घट्ट. बहुधा उष्णतेने धातू फुगून एकजीव झाला. हरकत नाही. उत्तम चोक उत्तम जागी बसलेला आहे. तो काढायचाच कशाला?

१९ एप्रिल, रविवार.
सासऱ्यांनी मिस पर्ल दिली. मिस पर्ल म्हणजे लाकडाची मादी टर्की, त्यांनी सीडरच्या ओंडक्यातून चाकूने कोरलेली, एक्केचाळीस वर्षांपूर्वी. नराला भुलवायला समोर ठेवायची. मान जराशी वाकडी, डोळा बटणाचा. ती त्यांनी आजवर रेथालाही दिलेली नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दिली, बाळ द्यावं तशी. म्हणाले की, ओंडक्याच्या डाव्या बाजूला ठेव. मी म्हटलं, कुठला ओंडका? ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले की, अंधारात पाय आपटेल तो.

मग खांद्यावर हात ठेवला. जांभळ्याच. ओरडलो नाही.

२० एप्रिल, सोमवार. पहाटे ४.१०
कॉफी. डेल्फियाने बिस्किटात, म्हणजे इथल्या मऊ गोल पावात, सॉसेज घालून दिलं. पाना आणि जुना चोक खिशात टाकला. थंडी.

५.२० (झाडाखाली, पेन्सिलने)
ओंडका सापडला. उजव्या नडगीला. मिस पर्ल त्याच्या डावीकडे मांडली. झाडाला पाठ टेकली. बुंध्याला माणसाच्या पाठीएवढी गुळगुळीत जागा आहे. त्रेपन्न वर्षांची. माझी पाठ तिच्यात बसत नाही, पण बसेल.

५.५५
उजाडतंय. काहीतरी चुकतंय. समोर सीडरची झुडपं, भिंतीसारखी. त्यातून एक पायवाट ओंडक्यापाशी वळून येते. ओंडका माझ्यापासून नऊ पावलांवर आहे. त्याच्या पलीकडे काही दिसत नाही. डावीकडे कडा. उजवीकडे झुडपं. वर आकाश आहे, ते साठ यार्ड असावं.

साठ यार्ड कुठे आहेत?

६.०२
रानभर आवाज. नर गर्जतोय. उजवीकडे, उतारावर. काडतूस काढलं. बंदुकीबरोबर आलेला जुना मोकळा चोक खिशात आहे. पाना लावला. निघत नाही. सगळी ताकद. तळहात सोलला. निघत नाही.

६.१०
जवळ आलाय. मी एकदाही हाक दिलेली नाही. तो मिस पर्लसाठी येतोय, किंवा उगाच. काडतूस परत घातलं.

६.१९
दिसला

७.४५
आकडेवारी. अंतर: नऊ पावलं. नर मोठा, छातीवर लोंबणारी केसाळ पिसांची दाढी बंदुकीच्या दस्त्याएवढी. पिसारा फुलवून मिस पर्लच्या शेजारी उभा राहिला, डोकं तिच्या डोक्याच्या बाजूला, लग्नाच्या फोटोसारखं. हवामान: शांत. नेम: धरला होता. गाल दस्त्यावरून किंचित उचलला गेला असणं शक्य.

बार झाला. नर उडून गेला. एकही पीस पडलं नाही.

मिस पर्ल मागे पडली. तिच्या डोक्यात, बटणाच्या डोळ्याच्या जागी, कोंबडीच्या अंड्याएवढं गोल, स्वच्छ भोक. आरपार. सातशेच्या वर छर्रे असतात एका काडतुसात. सगळे त्या एका भोकातून गेले.

पॅटर्न अप्रतिम होता.

११.००
घरी. रेथाचा फोन आला. तिने सव्वासहालाच भट्टीपाशी एक पाडला आणि साडेसातला बस चालवायला गेली. विचारलं की, भावोजी, वरून एक बार ऐकला, काय झालं? मी म्हटलं, चाचणी. ती म्हणाली, अगं बाई.

२१ एप्रिल, मंगळवार.
ओकखाली गेलो नाही. शास्त्रीय कारण: जागा माझ्या साधनांना योग्य नाही. त्याऐवजी खालच्या कुरणाच्या कडेला बसलो, तिथे साठ यार्ड मुबलक आहेत. गोचिड: चार. टर्की: शून्य.

२२ एप्रिल, बुधवार.
पाऊस. मिस पर्लचं भोक लाकडात भरायच्या पुट्टीने बुजवलं. वाळल्यावर तपकिरी बूटपॉलिश. बटण डेल्फियाच्या निळ्या कोटाचं. दिव्यापासून दूर धरली तर पूर्वीसारखीच. किंचित आश्चर्यचकित दिसते.

डेल्फियाने पाहिलं. कोटाकडे जाऊन बटणं मोजली.

२३ एप्रिल, गुरुवार.
प्रश्न मूलभूत आहे: दोष कोणाचा? बंदुकीचा असेल तर कळायला हवं. शेवटचं टंगस्टन काडतूस कागदावर उडवलं. पन्नास यार्ड. छर्रे: २११! आजवरचा उच्चांक. बंदूक निर्दोष सिद्ध झाली. शांत वाटलं.

संध्याकाळी लक्षात आलं की आता टंगस्टन नाही.

२४ एप्रिल, शुक्रवार.
कुरणाची कडा. ७.०५ वाजता तोच नर रानातून बाहेर आला आणि उघड्यावर उभा राहिला. अंतर मोजायच्या यंत्राने पाहिलं: बावन्न यार्ड. बावन्न! माझं अंतर! चार मिनिटं उभा होता. मान वर. कागदासारखा.

बंदुकीत गॅरेजमधलं शिसं. माझ्याच तक्त्याप्रमाणे या अंतरावर वर्तुळात नऊ छर्रे, तेही डावीकडे. नुसता जखमी होऊन पळाला असता. मारला नाही. हे निदान बरोबर केलं.

तो सावकाश चालत वर गेला. ओकच्या दिशेने. ओकखाली कोणी नव्हतं.

मी कुरणात बराच वेळ बसून राहिलो. आता रोजनिशीत खरं लिहायला हरकत नाही: मला ते झाड हवं होतं. पक्षी नव्हे. झाडाच्या बुंध्याला पाठ घासून घासून झालेली ती जागा. एकदा तरी त्या टेबलावर कोणीतरी मला मीठ दे म्हणताना माझं नाव घ्यावं.

गोचिड: सहा.

२५ एप्रिल, शनिवार.
ओकखाली गेलो. एकटाच. काही आलं नाही. ओंडका उजेडात नीट पाहिला. त्यावर जुने छर्रे रुतलेले, काळे पडलेले, बऱ्याच ठिकाणी. आजूबाजूच्या झुडपांनाही. कोणीतरी इथे पूर्वी खूप चुकलेलं आहे. कोण असेल, कळत नाही.

२६ एप्रिल, रविवार.
लिहायचं नव्हतं. पण इतिहास आहे.

तेवीस टॅकेट. रेथाची टर्की, पिठात घोळवून तळलेली. बिस्किटं, पांढरी ग्रेव्ही. मी मिस पर्ल टॉवेलात गुंडाळून हळूच खुंटीखाली ठेवली आणि सगळ्यात टोकाला बसलो. सासऱ्यांनी टॉवेल मागितला. म्हटलं, जेवणानंतर. ते म्हणाले, आत्ता.

त्यांनी तिला मांडीवर घेतलं. वास घेतला. म्हणाले की, पर्लला बुटांचा वास का येतोय? कोणी हसलं नाही. मग त्यांनी करंगळीने निळ्या बटणावर दाबलं. बटण, पुट्टी, सगळं पाठीमागून निघून ग्रेव्हीत पडलं. करंगळी आरपार. त्यांनी ती पलीकडून हलवून दाखवली.

विचारलं की, किती पावलं?

साठ यार्ड, कडा, उष्णतेने एकजीव झालेला धातू, माझ्याकडे सगळं तयार होतं. तोंडातून निघालं, नऊ.

होबार्ट टॅकेट हसायला लागले. आधी खांदे, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी. रेथा हसली, मग डेल्फिया, मग तेवीसच्या तेवीस. एक काका पाठ धरून उठला. सासऱ्यांनी डोळे पुसत सांगितलं की, त्या ओंडक्यापाशी त्यांचेही चार पक्षी हातचे गेलेत. पहिल्याच वर्षी दोन. रेथा ओरडली की, पप्पा, हे कधी सांगितलं नाहीत! ते म्हणाले की, तेव्हा बघायला कोणी नव्हतं, आणि मधे लाकडाची बाई उभी नव्हती. नकाशा फक्त पकडल्या गेलेल्यांचा असतो.

मग ते उठले. गुडघ्यांसकट. शाईचं पेन मागितलं. सगळे मागोमाग कोठीत. दाराच्या आत, एल्बर्टच्या घसरणीच्या थोडं वर, जिथे इतकी वर्षं नुसतं एक झाड काढलेलं होतं, तिथे त्यांनी लिहायला घेतलं. हात थरथरतो, म्हणून प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणत लिहितात.

लोवेलची. नऊ. पावलं.

मी बाजूच्या लोणच्याच्या बरण्यांकडे बघत होतो. एकोणीस बरण्या. मोजल्या.

परत टेबलावर आल्यावर ते म्हणाले की, झाड पुढच्या वर्षी रेथाचं. आणि लोवेल, ते मीठ इकडे कर.

२७ एप्रिल, सोमवार.
क्लोव्हिसकडे गेलो, अडकलेला चोक कापून काढायला. सगळा जिल्हा ऐकून होता, तो हसला नाही, म्हणजे हसून झालेलं होतं. त्याने बंदूक रिकामी असल्याची खात्री केली, तोंड आपल्याकडे वळवलं, पाना लावला. दोन बोटांनी फिरवला. निघाला. तेलही लागलं नाही.

म्हणाला की, तोंडाकडून बघून डावीकडे फिरवायचा असतो साहेब. तुम्ही या वेळी दस्त्याकडून बघून डावीकडे फिरवत असाल. गेले दहा दिवस नुसता आवळत होतात.

मी त्याला सांगितलं की, ही माहिती खोक्यावर असायला हवी. त्याने खोकं उलटं केलं. होती.

साधा फुल चोक घेतला. तेवढ्यात एक परगावचा माणूस आत आला, नवा कोरा, टोपीला अजून किमतीची चिठ्ठी. विचारत होता की, सरकारी रानात शिरायचं असेल तर कसं जायचं. क्लोव्हिस नेहमीच्या आवाजात सांगायला लागला की, टॅकेटच्या कुंपणाकडेने वर जा, एल्बर्टच्या घसरणीपाशी डावीकडे वळा, लोवेलची नऊ पावलं लागतील, ती खासगी आहेत, तिथे जाऊ नका, खालून वळसा घाला.

माणसाने ते सगळं वहीत लिहून घेतलं. हसला नाही. कोणी विचारलं नाही लोवेल कोण.

मग त्याने मला विचारलं की, इथे चोक कुठला लागतो हो? मी तोंड उघडलं. क्लोव्हिसने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आधी जागा बघून या.